नाक धरायला हात हवा

शवासनातून सगळ्या उठल्या, मी उठले नाही.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत बायकांचा प्राणायामाचा वर्ग मी घेत असे. उन्हाळ्यात बागेत, आणि दिवाळीनंतर हवा बिघडली की खालच्या कम्युनिटी हॉलमध्ये, खिडक्या लावून. त्या सकाळी हॉलमध्येच होतो. ‘धीरे से दाईं करवट लीजिए’ असं मीच सांगितलं, सगळ्या कुशीवर वळल्या, उठून बसल्या, आणि मी तशीच पडून. पाय वळवायला गेले तर पाय ऐकेनात. चटईवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखे पडून राहिले.

पुढच्या रांगेतल्या भाटियाजी कुजबुजल्या, “श्श! दीदी बहुत गहरे ध्यान में हैं.”

झालं. त्या सगळ्या बायका हात जोडून माझ्याभोवती गोल करून बसल्या. कुणीतरी दिवे मालवले. आतून मी घाबरून गार पडले होते आणि बाहेर माझी समाधी लागली होती. ‘अगं बायांनो, मला उचला’ एवढंच म्हणायचं होतं. पण शिकवणाऱ्या बाईची लाज फार मोठी असते. मी डोळे न उघडताच म्हटलं, “आप लोग चलिए. मैं थोड़ा और लेटूँगी.” त्या पावलं न वाजवता निघाल्या. भाटियाजींनी तर जाताना माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. मी डोळे किलकिले करून बघत होते. त्यांचा हात पायाला लागलेला मला दिसला, पण कळला नाही.

मग शेजारी पडलेला मोबाइल कसाबसा ओढला आणि घरी फोन लावला. “अहो, जरा खाली या. आणि कुणाला सांगू नका.”

हे कुणासाठी

हे मी लिहीत नाही, बोलते आहे. माझी बोटं अजून नीट वळत नाहीत. मी बोलते, मोबाइल लिहून घेतो, आणि त्यानं केलेले घोटाळे माझी मुलगी रुचा रविवारी नोएडाहून येऊन निस्तरते. तिचंही मराठी दिल्लीत वाढलेलं, त्यामुळे ती मला विचारते, “आई, ‘निस्तरणं’ म्हणजे क्लीन-अप ना?” बिल्कुल, असं मी म्हणते.

ज्यांच्या घरातलं माणूस आत्ता आयसीयूत नळ्या लावून पडलं आहे त्यांच्यासाठी हे आहे. पडलेल्याला वाचता येणार नाहीच. त्याच्या उशाशी उभं राहून जे जीव तोडून त्याचं भलं करू पाहताहेत त्यांनी वाचावं.

निदान

आधीच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, बारीक तापही होता. तो गेला आणि पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. वज्रासनात जास्त बसले असेन, असं म्हणून मी सोडून दिलं. अनंतराव, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, “डॉक्टरांना दाखवू या.” मी म्हटलं, “तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेला हा अबोल माणूस. माझ्या वर्गाला त्यांनी ‘नाक धरा, नाक सोडा’ असं नाव ठेवलं होतं आणि जन्मात एकदाही ते तिकडे फिरकले नव्हते.

नोएडाच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी छोटी हातोडी माझ्या गुडघ्यावर मारली. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. दुसरा गुडघा, तोही नाही. डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी पाहिला आणि अनंतरावांनी तो पाहू नये म्हणून त्यांच्याकडे बघून उगाच हसले. आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी, सगळे त्याला जीबीएस म्हणतात. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं आणि अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो, एवढं मला समजलं.

“कहाँ तक चढ़ेगा?” अनंतरावांनी विचारलं.

“देखते हैं, अंकल. साँस पर नज़र रखनी है.”

मग त्यांनी मला एका श्वासात जमतील तितके आकडे मोजायला सांगितलं. इतकी वर्षं मी बायकांकडून तेच करून घेत होते, आणि आता परीक्षा माझी! मी ताठ बसले आणि एक, दोन, तीन करत सुटले. “हिंदी में, आंटी,” डॉक्टर म्हणाले, पण माझे आकडे मराठीतच चालतात, ते थांबेनात. बोलता बोलता नाकानं हळूच थोडी हवा आत घ्यायची, समोरच्याला कळूही द्यायचं नाही, ही शिकवणाऱ्याची जुनी सवय. डॉक्टर खूश झाले. “आंटी, आपके लंग्स तो हमसे अच्छे हैं.” मी रुचाकडे असं पाहिलं की जणू बक्षीस मिळालं.

कसली परीक्षा आणि कसलं बक्षीस! ते मोजणं मला पास करायला नव्हतंच, छातीत किती जोर उरला आहे ते बघायला होतं. दुसऱ्या दिवशी चहाचा घोट गिळता आला नाही, नाकातून बाहेर आला. पुन्हा मोजायला लावलं तेव्हा दहाच्या पुढे आवाजच निघेना, आणि चोरून घ्यायलाही हवा आत येईना. मग पळापळ झाली. कॉटची चाकं, लिफ्ट, वरचे दिवे एकामागून एक. अनंतराव कॉटचा दांडा धरून बरोबर चालत होते. आयसीयूच्या दाराशी त्यांना सांगितलं, “अंकल, बस यहाँ तक.” त्यांनी दांडा सोडला नाही. एका वॉर्डबॉयनं त्यांची बोटं सोडवली.

मशीन

बोलता येत नाही, गिळता येत नाही, बोट हलत नाही, आणि डोकं मात्र लख्ख जागं. खाज सुटली तर ती आपोआप जाईपर्यंत वाट बघायची. डासानं चावलं तर चावू द्यायचं. मी आयुष्यभर सगळ्यांना हुकूम सोडणारी बाई, आणि आता माझ्या ताब्यात दोन पापण्या उरल्या होत्या. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

सकाळी थंडगार पत्र्यासारखी एक्स-रेची पाटी पाठीखाली सरकवत. मग अंग पुसणं, कूस बदलणं, मग नळीतला कफ ओढून काढणं. त्या क्षणी आपण बुडतो आहोत असंच वाटतं, आणि ते दिवसातून किती वेळा होईल याचा हिशोब कुणी देत नाही. सगळे दयाळूच होते. तरी मी त्यांना बेड नंबरानं माहीत होते.

सुखं होती, ती फार लहान होती. सुनीता सिस्टर ओल्या कापसानं ओठ पुसायच्या. केसांची जट होऊ लागली तेव्हा त्यांनी तेल लावून घट्ट वेणी घातली आणि घालता घालता आपल्या नणंदेच्या लग्नातले सगळे रुसवेफुगवे सांगितले. इतक्या दिवसांत माझ्याशी कुणीतरी आजाराशिवाय काहीतरी बोललं होतं. मला त्या नणंदेबद्दल पुढचं सगळं ऐकायचं होतं, पण सिस्टरांची ड्युटी बदलली.

आणि श्वास. तो आता मशीनचा होता. त्याला वाटेल तेव्हा छातीत हवा घुसायची आणि त्याला वाटेल तेव्हा निघून जायची. ‘श्वास आपल्या हातात असतो, बाकी काही नसलं तरी,’ असं मी वर्गात सांगत असे. किती सहज सांगत असे! मी मनातल्या मनात रडायचे, कारण रडायलाही श्वास लागतो आणि मशीन त्यासाठी वेगळा देत नाही.

माझाच आवाज

औषधांचा कोर्स झाला, गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवली, आणि बऱ्याच दिवसांनी छातीत थोडी हालचाल दिसू लागली. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, आता रोज सकाळी मशीनचा आधार कमी करून बघू. श्वास आंटी घेतील, मशीन फक्त मदत करेल. जितकं लवकर सुटेल तितकं बरं, जास्त दिवस राहिल्या तर छातीत जंतू होण्याची भीती. हे माझ्या कॉटशीच बोलले. मी सगळं ऐकलं. एकच गोष्ट करायची होती, श्वास घ्यायचा होता.

रुचा आनंदानं वेडी झाली. “आई, यार, हे तर तुझंच काम आहे! तू एक्सपर्ट आहेस!” आणि दुसऱ्या दिवशी तिनं एक जुना मोबाइल आणला. लॉकडाऊनमध्ये मी घरून वर्ग घेत असे, त्याची रेकॉर्डिंग बायकांच्या ग्रुपवर होती. तिनं सिस्टरांना गळ घालून परवानगी मिळवली आणि मोबाइल माझ्या उशीशी ठेवला. हळू आवाजात, पण दिवसभर, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

‘लंबी गहरी साँस भरिए. और रोकिए. रोके रखिए. चेहरे पर हल्की मुस्कान.’

तो माझा आवाज होता. ठाम, गोड, थोडा शहाणपणाचा. आणि माझं शरीर इतक्या वर्षांचं त्या आवाजाचं गुलाम. ‘रोकिए’ म्हटलं की छाती थांबायची. मी थांबवत नव्हते, ती थांबायची. आणि मी थांबले की मशीनला वाटायचं, ही बाई श्वास घ्यायची बंद झाली. ते किंचाळायचं आणि हवेचा एक जोरदार धक्का आत मारायचं. मी दचकायचे, लय तुटायची, घाम फुटायचा, तोवर उशीतून पुन्हा, ‘लंबी गहरी साँस भरिए.’

डॉक्टर यायचे, पडद्यावरचे आकडे बघायचे, मान हलवायचे. “अभी तैयार नहीं हैं.” मशीनचा आधार पुन्हा पूर्ण. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

ओरडून सांगावंसं वाटायचं की बंद करा त्या बाईला! पण पापण्यांनी सांगता येतं ते फक्त विचारलेल्याचं उत्तर. आणि सगळे विचारायचे, दुखतंय? कूस बदलू? गरम होतंय? उशाशी जे चाललं होतं त्याबद्दल विचारायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं, कारण ते तर माझ्या भल्याचं होतं. रुचानं एकदा विचारलं, “आई, आवडतंय ना तुला?” मी दोनदा मिटायला म्हणून पापणी मिटली, तेवढ्यात कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि डोळा मिटलाच राहिला. “हो म्हणाली!” ती टाळी वाजवून म्हणाली आणि आवाज थोडा वाढवून गेली. माझ्या लेकीनं प्रेमानं मला गुदमरवलं, आणि मी तिला दोष कसा देऊ? मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, वर भाटियाजींनाही बोलावलं असतं.

बंद करू का?

भेटीच्या वेळी एकालाच आत सोडत. रोज आधी रुचा यायची आणि उरलेल्या वेळात अनंतराव. ते येईपर्यंत मी दमून अर्धवट झोपेत असे. एक दिवस रुचाची ऑफिसात मीटिंग लांबली आणि अनंतराव पहिले आले. स्टुलावर बसले. जन्मात पहिल्यांदा ते माझा वर्ग ऐकत होते.

‘और रोकिए,’ माझा आवाज म्हणाला. मशीन किंचाळलं. ते दचकून उभे राहिले, सिस्टर आल्या, बटण दाबून गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा ‘रोकिए’, पुन्हा किंचाळणं. या वेळी ते उभे राहिले नाहीत. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ते खाली वाकले. त्यांच्या तोंडाला कँटीनच्या चहाचा वास येत होता.

“वसू, हे बंद करू का?”

मी पापणी मिटली. एकदाच, आणि इतकी गच्च की दोन्ही बाजूंनी पाणी कानांपर्यंत गेलं.

त्यांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

संध्याकाळी रुचा आली आणि माझ्या कॉटशी बापलेकीचं भांडण जुंपलं. सिस्टरांनी दोघांना पाच मिनिटं आत सोडलं होतं, त्याचं हे फळ. “बाबा, तुम्ही आयुष्यात कधी आईच्या क्लासला आलात का? आता डिसाइड करताय?” ती दबल्या आवाजात रडत होती. ते म्हणाले, “तिला विचार. नीट विचार.” रुचानं विचारलं नाही. ती तोंड फिरवून निघून गेली. मला एकीला कुशीत घ्यायचं होतं आणि दुसऱ्याचा हात धरायचा होता. मी ओंडक्यासारखी मधे पडून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनंतराव पुन्हा आले. आता काय करायचं ते त्यांना कळेना. मोबाइल तर बंद केला, त्याच्या बदली देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. “हवा खराब आहे आज,” ते म्हणाले. मग, “दूधवाल्याला सांगितलंय निम्मं दे म्हणून.” मग विषय संपले. कॉटच्या कठड्यावर डोकं टेकवून ते बसल्या बसल्या झोपले आणि घोरायला लागले.

या घोरण्यावरून मी लग्न झाल्यापासून भांडत आले आहे. त्याला ना ताल ना सूर. अडकतं, ओढलं जातं, मधेच बंद पडतं, मग एकदम सुटतं. त्यांना कुणी ‘भरिए’ म्हणत नव्हतं, ‘रोकिए’ म्हणत नव्हतं. ते नुसते दमलेले होते आणि श्वास त्यांच्यात येत जात होता. मी ऐकत पडले. कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं की मशीन ओरडलेलं नाही.

घोरणं ऐकून मी बरी झाले असं कृपा करून कुणी समजू नका. औषध होतं, वेळ होता, नशीब होतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईंकडेही हे सगळं होतं, आणि एक दिवस ती कॉट रिकामी झाली. मी फक्त एवढंच सांगते की त्यानंतर सकाळी मशीनचा आधार कमी केला की मी काही करायचं सोडलं. चांगला श्वास घ्यायचा नाही, लांब घ्यायचा नाही. येईल तो येऊ द्यायचा. हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते माझ्या वर्गातल्या बायकांना विचारा.

हळूहळू वेळ वाढत गेला. एका सकाळी मशीन कॉटपासून दूर सरकवलं. नळीच्या तोंडावर टोपी बसवून सिस्टर म्हणाल्या, “बोलिए, आंटी.” रुचा समोर होती. “तुझं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. बेडकासारखा आवाज आला. तिनं माझ्या पोटावर डोकं टेकलं आणि किती वेळ वर केलंच नाही.

घर

घरी आलेलं माणूस बरं झालेलं असतं, असा सगळ्यांचा समज असतो. मला भरवावं लागतं. न्हाणीघरात दोन माणसं लागतात. लोक येतात आणि ‘दीदी, आपकी साधना ने बचा लिया’ म्हणतात. मी हसते. भाटियाजी विचारतात, वर्ग कधी सुरू करणार? हॉलमध्ये त्यांनी माझी चटई अजून पुढेच घालून ठेवली आहे. मला माहीत नाही. ‘रोकिए’ हा शब्द तोंडाशी आला की अंगाला घाम फुटतो. आणि हात नाकापर्यंत पोचतच नाही. छातीपर्यंत येतो आणि तिथून गळून पडतो.

हे मी एकदा चिडून बोलले. “साधं अनुलोम-विलोम येत नाही मला. स्वतःचं नाक धरता येत नाही!”

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. “मी धरतो की.”

तेव्हापासून आम्ही दोघं सकाळी समोरासमोर बसतो आणि ते माझं नाक धरतात. समोर बसल्यामुळे माझं उजवं ते त्यांचं डावं, त्यामुळे रोज गोंधळ. बोटं चुकीची वापरतात, जोर जास्त देतात, मधेच “आता कुठली?” असं विचारतात. मी नाकातून बोलत सांगते. श्वास रोखायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं आहे. एक नाकपुडी, मग दुसरी, बस.

परवा एक बाजू धरलेली, दुसरी धरली, आणि पहिली सोडायच्या आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्यांनी मान वळवली. दोन्ही नाकपुड्या बंद. त्या एका क्षणात मी पुन्हा त्या कॉटवर होते. छाती थांबली, हात उचलला जाईना, डोळे फाटले. ते कुकरकडे बघत होते, शिट्ट्या मोजत असावेत.

मग त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला. मी खोल, कसातरी, आवाज करत श्वास ओढला.

“अगं, तोंड उघडायचं की!” ते ओरडले.

खरंच की. मला तोंड आहे. इतकी वर्षं श्वास शिकवला आणि तोंड आहे हेच विसरले होते. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. कुकर ओरडत राहिला, तो बंद करायला कुणी उठलं नाही. अनंतराव माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी हात थोडा पुढे केला आणि मधेच थांबवला.

“पुन्हा धरू का?”

आता मला बोलता येतं. पण मी बोलले नाही. पापणी मिटली, एकदाच.